संशोधन पदवीच्या वर्गात कसे येणार?
प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

वेरूळची लेणी पाहिली नाहीत, असा विद्यार्थी या शहरात सापडणे कठीण. शाळेची सहल, महाविद्यालयाची सहल, परगावचे पाहुणे आले की आणखी एक फेरी, असे करीत लेणी सर्वांच्या परिचयाची झालेली असतात. मात्र, तेथील भिंतींवरच्या मातीच्या गिलाव्यात नेमके काय मिसळले आहे, हा प्रश्न फार थोड्यांना पडतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागातील माजी रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील तत्कालीन अध्यापक मिलिंद सरदेसाई यांना तो पडला. त्यांनी गिलाव्याचे नमुने तपासले आणि त्यांत भांगेच्या वनस्पतीचे अवशेष असल्याचे दाखवून दिले. जालना परिसरातून आणि दिल्लीजवळून आणलेल्या ताज्या भांगेशी त्यांनी या अवशेषांची सूक्ष्मदर्शकाखाली तुलना केली. अजिंठ्याच्या चित्रांना कीटकांनी मोठी हानी पोहोचवली. वेरूळचा गिलावा त्या मानाने बचावला, त्यामागे हे मिश्रण असावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. 'करंट सायन्स' या नियतकालिकाच्या मार्च २०१६ च्या अंकात हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

या संशोधनातील दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे, रसायनतज्ज्ञ आणि वनस्पतितज्ज्ञ एकत्र आले म्हणून ते झाले. दुसरी म्हणजे, त्यासाठी लागणारी मूलभूत कौशल्ये बी. एस्सी.च्या प्रात्यक्षिकांपेक्षा फार वेगळी नाहीत. नमुना जपून घेणे, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, ओळख पटलेल्या वनस्पतीशी त्याची तुलना करणे आणि निरीक्षणे नीट लिहून ठेवणे हे पदवीचा विद्यार्थी शिकतच असतो. फरक इतकाच की, वर्गातील प्रात्यक्षिकाचे उत्तर शिक्षकाला आधीपासून ठाऊक असते. वेरूळच्या गिलाव्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते.

हा फरक पुसून पदवीच्या वर्गात खरे संशोधन आणता येईल का, हा प्रश्न आता निव्वळ चर्चेचा राहिलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे त्याला वेळापत्रक मिळाले आहे.

चौथ्या वर्षाचे आव्हान

केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२० मध्ये नवे धोरण मंजूर केले. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाची चौकट जाहीर केली. तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीसाठी किमान १६० श्रेयांक ठरले. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी 'संशोधनासह ऑनर्स' हा मार्ग घेता येतो. त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प किंवा प्रबंध असतो. प्रात्यक्षिक वा क्षेत्रीय स्वरूपाच्या कामाचा एक श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तास असे धरले, तर हे काम ३६० तासांचे होते. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांसह पूर्ण करणाऱ्यांना पीएच. डी.च्या प्रवेशप्रक्रियेत थेट सहभागी होण्याची मुभा आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी दिली आहे.

महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून ही रचना स्वीकारली. म्हणजेच संलग्न महाविद्यालयांतील पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात असेल. त्याआधीही क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजाशी निगडित उपक्रम यांसाठी श्रेयांक राखून ठेवलेले आहेत. संशोधनाची तोंडओळख चौथ्या वर्षी अचानक न होता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून व्हावी, असा त्यामागील विचार आहे.

कागदावर ही रचना आकर्षक आहे. अडचण अशी की, 'संशोधनासह ऑनर्स' चालविण्यासाठी महाविद्यालयाकडे पीएच. डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले कायम अध्यापक, सुसज्ज प्रयोगशाळा आणि ग्रंथालय असावे लागते. या विद्यापीठाच्या कक्षेत छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे येतात. संलग्न महाविद्यालयांची संख्या चारशेहून अधिक आहे. त्यांतील अनेक ठिकाणी प्राध्यापकांच्या जागा रिक्त असून तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर भिस्त आहे. शहरातील मोठ्या महाविद्यालयाला जे शक्य होईल, ते तालुक्याच्या गावी होईलच असे नाही. तसे झाले नाही, तर पदवीच्या नावातच 'संशोधनासह' आणि 'संशोधनाविना' अशी नवी दरी पडेल. तिचा फटका गावात राहून शिकणाऱ्या मुलामुलींना बसेल.

शंभर वर्षांपूर्वीचा इशारा

अध्यापन एकीकडे आणि संशोधन दुसरीकडे, ही विभागणी आपल्या विद्यापीठांच्या जन्मापासूनची आहे. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. महाविद्यालयांनी शिकवायचे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या द्यायच्या, असे त्यांचे स्वरूप होते. पुढे विद्यापीठांत पदव्युत्तर विभाग निघाले, तेव्हा संशोधन त्या विभागांकडे गेले आणि पदवीचे वर्ग महाविद्यालयांकडे राहिले. मराठवाड्यातही हेच घडले. १९५८ च्या ऑगस्टमध्ये मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. त्यापूर्वीची महाविद्यालये आणि नंतर निघालेली शेकडो महाविद्यालये पदवीचा भार वाहत राहिली.

या विभागणीतील धोका डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी फार पूर्वी ओळखला होता. मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीपुढे १९२४ मध्ये त्यांनी आपले लेखी मत मांडले. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण वेगळे करणे म्हणजे अध्यापन आणि संशोधन यांची फारकत करणे होय आणि अशा फारकतीत दोहोंचेही नुकसान आहे, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. विद्यापीठ आणि महाविद्यालये यांनी समान भागीदार म्हणून दोन्ही स्तरांवरील शिक्षणाची जबाबदारी घ्यावी, असा पर्याय त्यांनी सुचवला होता. १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने याच शहरात महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. १९९४ पासून येथील विद्यापीठ त्यांचे नाव धारण करते. त्यांनी सुचवलेली भागीदारी मात्र अद्याप अपुरीच आहे.

एकट्या अध्यापकाची कोंडी

पदवीच्या अभ्यासक्रमात प्रकल्प यापूर्वीही होते. त्यांचे पुढे काय झाले, हे कोणत्याही महाविद्यालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात समजते. मागील वर्षीचा प्रकल्प मुखपृष्ठ बदलून, नव्या नावानिशी बांधून मिळतो. इंटरनेटवरून उतरवलेली प्रस्तावना, कोणाही घरी न जाता भरलेल्या प्रश्नावल्या आणि सोयीची टक्केवारी, असा हा ऐवज असतो. आता तर संगणकाला सांगितले की काही मिनिटांत पानेच्या पाने लिहून मिळतात. दोष विद्यार्थ्यांना देणे सोपे आहे; पण थोडे गणित मांडून पाहावे.

आयोगाच्या निकषांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते. समजा, वर्गात ६० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाच्या स्वतंत्र प्रकल्पासाठी आठवड्यातून केवळ अर्धा तास द्यायचा आहे. तरी ३० तास होतात. म्हणजे नियमित अध्यापनाच्या जवळजवळ दुप्पट. त्यात परीक्षेची कामे, नॅकची कागदपत्रे, प्रवेशप्रक्रिया आणि निवडणुकीसारखी शासकीय कर्तव्ये. अशा स्थितीत ६० विद्यार्थ्यांचे ६० वेगवेगळे विषय एकट्या अध्यापकाने खऱ्या अर्थाने तपासणे अशक्यप्राय आहे. मग सही होते, गुण दिले जातात आणि गठ्ठे कपाटात जातात.

कुलपती कार्यालयाच्या प्रेरणेने होणारी 'आविष्कार' ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा, तसेच मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये सुरू केलेला पदवीपूर्व विज्ञानाचा राष्ट्रीय उपक्रम, यांनी अनेक तरुणांना संशोधनाची गोडी लावली आहे. तथापि, तेथे निवडक विद्यार्थी पोहोचतात. नवी रचना संशोधनाचे श्रेयांक अख्ख्या वर्गापुढे ठेवते. त्यामुळे वेगळी पद्धत हवी.

एक प्रश्न, अनेक वर्ग

अशी पद्धत अमेरिकेत २००८ पासून मोठ्या प्रमाणावर वापरली जात आहे. पिट्सबर्ग विद्यापीठातील ग्रॅहम हॅटफुल आणि हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्था यांनी तेथील महाविद्यालयांसाठी एक सामायिक अभ्यासक्रम तयार केला. विद्यार्थ्याने आपल्या परिसरातील माती आणायची, तीतून जिवाणूंना मारणारा विषाणू वेगळा करायचा, त्याला नाव द्यायचे आणि त्याच्या जनुकांचा आराखडा अभ्यासायचा. कार्यपद्धती सर्वांची एकच, निष्कर्ष मात्र प्रत्येकाचा नवा. शंभराहून अधिक संस्थांतील अध्यापक तो शिकवतात, एकत्र प्रशिक्षण घेतात आणि सर्वांची माहिती एकाच संग्रहात जमा होते.

या विद्यार्थी-संशोधनाचा उपयोग काय, याचे उत्तर २०१९ मध्ये मिळाले. ब्रिटनमधील १५ वर्षांच्या एका मुलीला फुप्फुस प्रत्यारोपणानंतर अशा जिवाणूंचा संसर्ग झाला होता की, कोणतेही प्रतिजैविक लागू पडेना. हॅटफुल यांच्या संग्रहातील तीन विषाणू वापरून तिच्यावर उपचार झाले आणि तिची प्रकृती सुधारली. त्यांपैकी 'मडी' नावाचा विषाणू दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे एका विद्यार्थिनीने २०१० मध्ये कुजलेल्या वांग्यावरून मिळवला होता. वांगे कुजके होते, पण नोंद चोख होती. म्हणूनच काही वर्षांनी ती कोणाच्या तरी कामी आली.

आपल्याकडेही अध्यापकांना एकत्र आणण्याचे प्रयत्न झाले आहेत. पुण्याच्या 'आयसर' संस्थेने ब्रिटनमधील शेफिल्ड हॅलम विद्यापीठाच्या सहकार्याने, न्यूटन-भाभा निधीतून, महाविद्यालयीन विज्ञान अध्यापकांसाठी संशोधनाधारित अध्यापनाच्या कार्यशाळा घेतल्या. चालू संशोधनातील एखादा प्रश्न वा प्रत्यक्ष आकडेवारी घेऊन तिचे वर्गात करता येईल अशा कृतीत रूपांतर कसे करावे, यावर त्यांत भर होता.

मराठवाड्याच्या स्वतःच्या इतिहासातही सहकार्याचा धडा आहे. तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात असलेल्या आणि आता जालना जिल्ह्यात मोडणाऱ्या भोकरदन येथे १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी संयुक्त उत्खनन केले. नागपूरचे शां. भा. देव आणि येथील आर. एस. गुप्ते यांचा त्यावरील अहवाल पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. प्राचीन भोगवर्धन नगरीचे अवशेष आणि इटलीतील पॉम्पेई येथे सापडलेल्या प्रसिद्ध मूर्तीशी साधर्म्य सांगणारी हस्तिदंती प्रतिमा त्यातून उजेडात आली. दोन विद्यापीठांच्या अध्यापकांनी साधने आणि ज्ञान एकत्र केले, म्हणून तालुक्याच्या एका गावाचा संबंध रोमन जगाशी जोडता आला.

विहिरीच्या पाण्यापासून सुरुवात

येथील महाविद्यालयांना हे कसे जमेल, हे एका साध्या उदाहरणाने पाहू. पाण्याची कठीणता मोजण्यासाठी ईडीटीए द्रावणाचे अनुमापन हे बी. एस्सी. रसायनशास्त्राचे नेहमीचे प्रात्यक्षिक आहे. प्रयोगशाळेत शिक्षकाने तयार केलेले द्रावण विद्यार्थी तपासतात आणि अपेक्षित उत्तराच्या जवळ पोहोचले की पूर्ण गुण मिळतात. आता द्रावणाऐवजी विद्यार्थ्याने आपल्या गावातील विहिरीचे किंवा विंधन विहिरीचे पाणी आणले, तर तोच प्रयोग संशोधन होतो. जोडीला कलरीमापकाने नायट्रेट मोजता येईल. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक आहे. रासायनिक खते आणि सांडपाणी यांमुळे ते वाढते आणि तान्ह्या बाळांना त्याचा धोका अधिक असतो. प्रश्न खरा आहे आणि उत्तर घरातल्यांना हवे आहे.

मात्र, एका महाविद्यालयाने पाच विहिरी तपासल्या तर त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही. वीस महाविद्यालयांनी प्रत्येकी पाच विहिरी, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासल्या, तर २०० नोंदी होतात आणि चार जिल्ह्यांचे चित्र दिसू लागते. यासाठी अध्यापकांना आधी एकत्र बसावे लागेल. बाटली कशी धुवायची, पाणी किती खोलीवरून घ्यायचे, किती तासांत तपासायचे, नोंदवहीचा नमुना कोणता, हे सर्वांसाठी एकच ठरवावे लागेल. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने ज्ञात प्रमाण असलेला एकच नमुना सर्व महाविद्यालयांकडे पाठवावा. प्रत्येकाने तो तपासून उत्तर कळवावे. ज्यांचे उत्तर फार चुकले, त्यांची उपकरणे आणि पद्धत सुधारून घ्यावी. काही नमुने दुसऱ्या महाविद्यालयानेही तपासावेत. प्रयोगशाळांच्या अचूकतेची पडताळणी जगभर याच रीतीने होते. शिवाय विद्यार्थ्याने आकडे मनाने लिहिले, तर तेही येथे उघडे पडते.

या रचनेत अध्यापकाचा भार विभागला जातो. त्याला ६० विषय सांभाळावे लागत नाहीत. एकाच प्रश्नाच्या ६० नोंदी तपासाव्या लागतात. भूगोलाचा अध्यापक विहिरींचे नकाशे करून घेईल, संख्याशास्त्राचा अध्यापक आकड्यांचा अर्थ लावायला शिकवील, अर्थशास्त्राचे विद्यार्थी त्याच गावांतील कुटुंबांचा पाण्यावरचा खर्च नोंदवतील. साठ तासांच्या, म्हणजे दोन श्रेयांकांच्या क्षेत्रीय प्रकल्पात हे बसू शकते.

कला शाखेलाही हाच मार्ग मोकळा आहे. हैदराबाद संस्थानात १८८४ पासून उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती. मराठवाड्याचे जुने दप्तर त्यामुळे उर्दू आणि मोडी अशा दोन्हींत आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा हे कागद वाचू शकणाऱ्यांचे मोल सर्वांना कळले. इतिहासाच्या अध्यापकाला उर्दू येत नसेल आणि उर्दूच्या अध्यापकाला महसुली परिभाषा ठाऊक नसेल. पण दोघांनी मिळून एखाद्या गावाची दप्तरे वाचायला घेतली, तर विद्यार्थ्यांना जिवंत इतिहास हाताळायला मिळेल. या शहरातील महाविद्यालयांत हे दोन्ही विषय शिकवले जातात.

काय बदलावे लागेल?

सद्भावना असली तरी नियमांची साथ नसेल, तर असे उपक्रम एखाद्या उत्साही अध्यापकाच्या बदलीबरोबर संपतात. म्हणून काही गोष्टी विद्यापीठ स्तरावर ठरायला हव्यात. पहिली, अभ्यास मंडळांनी सामायिक प्रकल्पाला मान्यता द्यावी आणि दोन विषयांच्या मंडळांना संयुक्तपणे तो आखता यावा. दुसरी, प्रकल्पासाठी दिलेला वेळ अध्यापकाच्या कार्यभारात मोजला जावा. संशोधनासाठी आठवड्याला किमान सहा तास राखावेत, असे आयोगाच्या २०१० च्या विनियमांत म्हटले होते. पण वेळापत्रकात त्याला जागा मिळाली नाही, तर तो उल्लेख कागदावरच राहतो. तिसरी, विद्यापीठाच्या विभागातील उपकरणे महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना ठरलेल्या दिवशी वापरू द्यावीत. चौथी, तासिका तत्त्वावरील अध्यापकांना या कामाचे मानधन आणि श्रेय दोन्ही मिळावे. अन्यथा ज्यांच्यावर काम पडणार, तेच त्यातून वगळले जातील.

मूल्यमापनही बदलावे लागेल. जाडजूड बांधणीऐवजी नोंदवही पाहिली जावी. अपेक्षित उत्तर आले नाही, तरी पद्धत योग्य असेल तर गुण मिळावेत. हे न झाल्यास विद्यार्थी पुन्हा 'बरोबर' उत्तराकडेच वळतील. अहवाल मराठीतून लिहिण्याची मुभाही महत्त्वाची आहे. विहिरीचे पाणी कोणी तपासले आणि काय निघाले, हे गावाला कळले नाही, तर त्या संशोधनाचा अर्धा उपयोग वाया जातो.

या मार्गाला मर्यादा आहेत. प्रत्येक विषय सामायिक प्रकल्पात बसणार नाही. गणिताच्या विद्यार्थ्याचे संशोधन विहिरीवर होत नाही, आणि प्रत्येक पदवीधराने संशोधक व्हावे अशी अपेक्षाही नाही. पण दाव्यामागचा पुरावा तपासणे, मोजमापातील चूक ओळखणे आणि 'माहीत नाही' तेथे तसे लिहिणे, या सवयी बँकेत, शेतीत किंवा पंचायत समितीत काम करणाऱ्यालाही लागतात.

दहावी-बारावीनंतर प्रवेश घेताना पालक इमारत, शुल्क आणि निकालाची टक्केवारी विचारतात. यापुढे आणखी तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. येथे क्षेत्रीय प्रकल्प कोणत्या प्रश्नावर चालतो? त्यात आणखी कोणते विभाग आणि कोणती महाविद्यालये सहभागी आहेत? आणि मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या नोंदवह्या पाहायला मिळतील का? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरे मिळाली आणि तिसऱ्यासाठी कपाट उघडले गेले, तर तेथे संशोधन वर्गापर्यंत पोहोचले आहे, असे समजावे. संलग्न महाविद्यालयांतील पहिल्या तुकडीचे चौथे वर्ष सुरू होईल, तेव्हा ही कपाटे किती ठिकाणी उघडतात, यावरून 'संशोधनासह' या शब्दाची किंमत ठरेल.